हॉटेल सुचवताय ना? मग काय खाल्लं ते पण सांगा

"एक नंबर", "नाद खुळा", "विषय हार्ड" एवढंच लिहून हॉटेल सुचवणाऱ्यांवर माझा खरंच राग आहे. अरे काय खाल्लंस? दुपारी गेला होतास का रात्री? घरच्यांबरोबर का मित्रांबरोबर? बिल किती आलं? यातलं काहीच नाही, नुसतं नाव आणि खाली तीन आगीचे इमोजी. त्या भरवशावर कोणतरी लांबून पोराबाळांसकट येतो आणि भलतंच काहीतरी मागवून वैतागून जातो, आणि वर म्हणतो सांगलीत काय धड जेवायला मिळत नाही.

माझं स्पष्ट मत आहे, हॉटेल सुचवूच नये, पदार्थ सुचवावा. कारण सगळं चांगलं मिळणारं हॉटेल मी तरी आजवर बघितलेलं नाही. प्रत्येकाचा एकदोन गोष्टींवर हात बसलेला असतो, बाकीचं मेनूकार्ड भरायला असतं.

आता अख्खा मसूरच घ्या. इस्लामपूर म्हटलं की लोकांना तोच आठवतो आणि आता पुण्यापर्यंत त्याच्या पाट्या लागल्यात, पण चांगला मसूर ओळखायचा कसा हे कोण सांगत नाही. ताटात दाणा अख्खा दिसला पाहिजे आणि जिभेनं टाळूला दाबला की पीठ झाला पाहिजे. कांदा जरा जास्तच परतलेला, लसूण पुढं, आणि चटणी आपली कांदा लसणाची. कडेनं पातळ लाल पाणी आणि मधे मसुराचा ढीग असं वेगवेगळं दिसलं की समजायचं सकाळी उकडून ठेवलेला मसूर आत्ता ग्रेव्हीत टाकून आणलाय. आणि हे रात्री साडेदहाला गेलात तर होणारच हो, त्याला हॉटेलवाला तरी काय करणार, आठ-सव्वाआठला जावा, गर्दी सुरू व्हायच्या टायमाला, तेव्हा सगळं ताजं असतं. बरोबर रोटी घ्या, बटर नान नको, मैद्यानं मसुराची चवच मरते.

दोनशे पदार्थांच्या मेनूकार्डची मला भीती वाटते. आत किचनमधे एक लाल ग्रेव्ही, एक पिवळी, एक पांढरी, बास. काजू मसाला, पनीर मसाला, व्हेज कोल्हापुरी सगळे त्याच पातेल्यातनं येतात, फक्त वरनं काय टाकायचं ते बदलतं. त्यात पनीरचं तर बोलायलाच नको. वनस्पती तेलाचं बनवलेलं नकली पनीर खरं पनीर म्हणून विकायचं नाही असा नियम आहे, तरी ताटात काय आलंय ते गिऱ्हाईकाला कसं कळणार? सरळ विचारा, पनीर दुधाचंच आहे ना म्हणून. विचारण्यात कसली लाज, पैसे आपण देतोय. जो सरळ उत्तर देतो तिथं मी परत जातो.

आणि एवढ्या लांबच्या ग्रेव्ह्या कशाला पाहिजेत आपल्याला? थंडीच्या दिवसात कृष्णाकाठचं वांगं असतं. जत, कवठेमहांकाळकडचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, असतो. जिथं बाई हातानं भाकरी थापतीय आणि ती तव्यावरनं थेट ताटात येते तिथं शेंगदाण्याची चटणी, खरडा आणि भरलं वांगं एवढ्यावर मी दोन भाकरी खातो. थाळीबरोबर चारी भाकऱ्या एकदम आणून ठेवल्या की मी परत पाठवतो, एकेक आण म्हणतो. गार झालेल्या भाकरीला मजा नाही.

मटणाच्या बाबतीत माझी एकच परीक्षा आहे, अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी. तांबड्या रश्श्यात तिखट घालून काहीही लपवता येतं, अळणीत काही लपत नाही. मटण ताजं आणि कोवळं असलं की अळणी नुसती वाटीनं प्यावी वाटते. लहान पोरं बरोबर असली तर आधी अळणी भात मागवा, पोरं गप जेवतात.

बिलाबद्दल तर कोणच लिहीत नाही. मागं एका मोठ्या हॉटेलात आमच्या बिलात न विचारता सर्व्हिस चार्ज लावला होता. काढा म्हटलं तर काउंटरवाला म्हणे सिस्टीममधनं आपोआप येतो. येत असेल, पण चालत नाही. ४ जुलै २०२२ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं स्पष्ट सांगितलंय की हा चार्ज आपोआप लावायचा नाही, जबरदस्ती करायची नाही, आणि मार्च २०२५ मधे दिल्ली हायकोर्टानं पण तेच उचलून धरलं. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाईन आहे, १९१५. आम्ही तिथं उभं राहून काढायला लावला, काढला. वेटरला टीप मात्र हातात द्या आणि मनापासून द्या. आणखी एक, बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या लायसनचा, १४ आकडी नंबर असतो का ते पण बघत जावा, १ जानेवारी २०२२ पासून तो छापणं बंधनकारक आहे.

उलटी बाजू पण आहे. रविवारी दुपारी दीड वाजता नवराबायको दोघंच सांभाळत असलेल्या खानावळीत जायचं, वीस मिनिटं थांबावं लागलं म्हणून गूगलवर एक स्टार देऊन यायचं, हे मला पटत नाही. काय बिघडलं ते लिहा की. भाजी खारट होती, ताट नीट धुतलं नव्हतं, काय असेल ते. त्यांना सुधारता तरी येईल.

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते मिरजेत येणाऱ्या पेशंटच्या नातेवाईकांचं. १८९४ ला वॉनलेस साहेबांनी, म्हणजे मिशनरी डॉक्टरांनी, मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरजेला दवाखान्याला माणसं येतायत, बरीचशी तर कर्नाटकातली. ओळखीतल्या एका ताईंनी विचारलं होतं की आईचं ऑपरेशन आहे, जवळपास साधं जेवण कुठं मिळेल, तर उत्तरं काय, अमक्याकडची मटण थाळी, तमक्याकडची बिर्याणी. त्यांना पाहिजे होता मऊ भात, बिनतिखटाचं वरण, सकाळी सातला गरम इडली आणि रात्री साडेनऊला पण डबा देणारं कोणतरी, ते पण रोज परवडेल अशा दरात, कारण औषधांचं बिल वेगळंच चालू असतं. ही माहिती आपल्यातल्या कितीतरी जणांना आहे, आपण सगळ्यांनीच कधी ना कधी त्या दवाखान्यांच्या बाहेर रात्री काढल्यात.

म्हणून कमेंटमधे आधी तेच टाका. डबा कोण देतं, किती वाजेपर्यंत देतं, तिखट कमी करून देतात का, आणि कितीला पडतो. मटणाचं नंतर बोलू.