ज्यानं टेप दिल्या, त्यालाच शोधत सुटलाय?

आज सकाळी कुस्तीच्या ग्रुपवर एकानं स्क्रीनशॉट टाकला. कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या जुन्या कुस्त्यांच्या कॉमेंट्रीच्या कॅसेट कुणीतरी डिजिटल करून टॉरेंटवर (एकमेकांच्या मशीनवरून तुकड्या-तुकड्यानं फाइल घ्यायची सोय) टाकल्यात, त्याची पीअर लिस्ट, म्हणजे घेणाऱ्या-देणाऱ्यांची यादी. शंभर टक्के फाइल असलेला एकच आयपी (इंटरनेटवरचा पत्ता), त्याला लाल गोल, खाली 'हाच तो, कुठल्या पेठेतला आहे शोधा रे.' का, तर एका कुस्तीत ह्यांच्या तालमीचा पैलवान चितपट झालाय! दुपारी बघतो तर सीडर, म्हणजे पूर्ण फाइल देणारे, शून्य. माझं डाउनलोड 94 टक्क्यांवर अडकलं.

संताप संताप झालाय नुसता.

रविवारी आमच्या आबांना आल्या तेवढ्या फाइल ऐकवल्या. मोबाईल कानाला लावून कॉटवर बसले होते. हलगी कडाडली, निवेदकानं जोड पुकारली आणि आबांचा हात आपोआप मांडीवर गेला, शड्डू ठोकायला. कुस्ती ऐन रंगात आली आणि आवाज तुटला. पुढचे तुकडे आलेच नव्हते. निकाल त्यांना पाठ आहे ओ, त्यांना तो आवाज ऐकायचा होता.

2001 साली ब्रॅम कोहेननं बिटटॉरेंट आणलं ते फाइल भराभर पसरावी म्हणून, देणाऱ्याला लपवायला नाही. तुकडा घ्यायचा तर समोरच्याचा आयपी दिसणारच. सुरुवातीला पूर्ण फाइल एकट्याकडेच, म्हणजे टाकणारा उघडा. पण वीस-पंचवीस जणांनी पूर्ण उतरवून चालू ठेवली, की पहिला कोण हे नंतर येणाऱ्याला यादीवरून कळत नाही. तो माणूस बिनघोर निघून जातो आणि फाइलही राहते. हे आपल्या हातात होतं! 'मिळाली, धन्यवाद भावा' लिहिणारे डझनावारी, पण झालं की सगळे पंगत उठल्यासारखे उठले. वाढणारा एकटा उभा राहिला, म्हणून तर सापडला.

मान्य, नुसत्या आयपीवरून घर सापडत नाही, नाव इंटरनेट कंपनीकडेच असतं. पण कोल्हापूर केवढं? कुणाकडं कॅसेट होत्या हे तालमीतली चार म्हातारी माणसं सांगतील.

'टॉर वापरायचं होतं त्यानं' म्हणे, म्हणजे ते आयपी लपवणारं नेटवर्क. टॉर प्रोजेक्टनंच 2010 मध्ये सांगितलंय की टॉरेंट त्यावरून चालवू नका, टॉरेंटचं ॲप खरा आयपी ट्रॅकरला (कुणाकडं फाइल आहे ते सांगणारा सर्व्हर) सांगून बसू शकतो. फ्रीनेट (आता हायफानेट) ह्या नाव लपवून फाइल ठेवायच्या नेटवर्कवर टाकून मशीन बंद केलं तरी चालतं, एन्क्रिप्ट केलेले तुकडे इतरांच्या मशीनवर राहतात. पण कुणी मागत नाही ते जागा भरली की गळत जातं. जुनी कुस्ती वर्षात कितीजण मागणार? तिथं माणूस वाचतो, टेप मरते.

नाव लपवून लोक नवे सिनेमे टाकतात, त्याहून घाणही टाकतात, खरंय. म्हणून ह्याला उघडं पाडायचं?

मघाशी आबांनी विचारलं, 'पुढचं आलं काय रं?' काय सांगू त्यांना?

स्क्रीनशॉटवाल्या भावा, तुझ्या पैलवानाची ती कुस्ती माझ्याकडं पूर्ण आली आहे. ऐक एकदा. हरल्यावरही निवेदक त्याचं तोंडभरून कौतुक करतोय, आणि मैदान टाळ्या वाजवतंय. तुझ्या तालमीचीच ठेव आहे ती. तो फोटो काढून टाक.

आणि ज्यांच्याकडं पूर्ण फोल्डर आहे त्यांनी तीच मॅग्नेट लिंक (टॉरेंट उघडायची लिंक) परत लावा, जुना फोल्डर दाखवून रीचेक करा आणि आठवडाभर तरी मशीन चालू ठेवा. घरच्या ब्रॉडबँडवरून करा, दोन्हीकडं मोबाईल डेटा असला की बऱ्याचदा कनेक्शनच लागत नाही. माझं रात्रभर चालू आहे. ज्यानं टाकलं त्यानं परत यायची गरज नाही, आम्ही चालवतो.