गाडी नव्वद टक्के, रायडर दहा? हा हिशेब मांडणंच चूक

मोटोजीपीचा, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेचा, मोसम सुरू झाला की एक दावा हमखास फिरतो : यश नव्वद टक्के गाडीचं, रायडर फक्त दहा टक्के. डुकाटी या इटालियन कंपनीची गाडी द्या, कुणीही जिंकेल.

या दाव्यासाठी दिला जाणारा पहिला पुरावा 2024 चा. 20 पैकी 19 शर्यती डुकाटीने जिंकल्या, हे खरंच आहे. पण शर्यतीत उतरणाऱ्या डुकाटी आठ होत्या आणि त्यांतल्या चार आदल्या वर्षीच्या. त्या चार जुन्या गाड्यांपैकी रविवारची मुख्य शर्यत जिंकली एकट्या मार्क मार्केझने, तीही तीनदा. बाकी तिघांना एकदाही जमलं नाही. गाडी तर तीच होती!

दुसरा पुरावा, 2011-12 मध्ये अनेकदा जगज्जेता ठरलेला व्हॅलेंटिनो रॉसी डुकाटीवर गेला आणि दोन मोसमांत एकही शर्यत जिंकला नाही. मग 2010 मध्ये केसी स्टोनर डुकाटीवरच तीन शर्यती कसा जिंकला? ती गाडी त्याच्या हाताला बसली होती, रॉसीच्या नाही.

तिसरा, मार्केझ होंडावर अडकला आणि डुकाटीच्या फॅक्टरी, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या, संघाची गाडी मिळताच 2025 चा जगज्जेता झाला. गाडीच धड नसेल तर कुणाचंच चालत नाही, हे मला पूर्ण मान्य. पण त्याच फॅक्टरी संघातला दोनदा जगज्जेता ठरलेला बान्याया त्या वर्षी पाचवा आला.

संघाचा तर या टक्केवारीत उल्लेखच नसतो. 2004 मध्ये रॉसी यामाहावर आला तो क्रू चीफ, म्हणजे आपल्या मेकॅनिकांचा प्रमुख, जेरेमी बर्जेसला घेऊनच, आणि पहिलीच शर्यत जिंकला. रायडर होर्हे लोरेन्झोचं उदाहरण मला याहून बोलकं वाटतं. डुकाटीवर जोराचा ब्रेक लावला की अंगाचा सगळा भार हातांवर यायचा, शर्यत संपेपर्यंत हात भरून यायचे. 2018 मध्ये इटलीतल्या मुजेलोच्या शर्यतीला त्याला टेकायला आधार मिळेल असा पेट्रोलच्या टाकीचा आकार संघाने बदलून दिला. तिथे तो जिंकला, पुढची बार्सिलोनाही जिंकला. सांगणारा रायडर, ऐकून बनवून देणारा संघ, बदलली ती गाडी. टक्के कुणाच्या खात्यात टाकणार?

पुढच्या वर्षी हाच लोरेन्झो होंडावर गेला. दुखापतीमुळे काही शर्यती हुकल्या हे धरूनही त्याचे गुण 28, आणि त्याच संघातल्या मार्केझचे 420. कंपन्यांच्या यादीत प्रत्येक शर्यतीत सर्वांत पुढे आलेल्या गाडीचेच गुण धरतात. होंडाचे झाले 426. मार्केझ ऑस्टिनला आघाडीवर असताना पडला, त्या एका शर्यतीत दुसऱ्या होंडाने दहाव्या क्रमांकावर येऊन मिळवलेले ते वरचे 6. बाकी सगळे एकट्या मार्केझचे.