पॉइंट टू-टू पिस्तुलाच्या सर्व्हिसिंगबद्दल आपण नोंदवलेल्या तक्रारीस उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या कन्येच्या पॉइंट टू-टू (०.२२ इंच व्यासाच्या) स्पोर्ट पिस्तुलाचे सर्व्हिसिंग आमच्या कोल्हापूरच्या कार्यशाळेतून करून घेतल्यावर आपण दोन तारे देऊन सविस्तर अभिप्राय लिहिला आहे. पहिल्या दिवशी आपल्या पुतण्याला पिस्तुलासह परत पाठवले, घरी अर्ध्या तासात उरकणाऱ्या कामाला पाच दिवस लावले, तरीही नळी आणि सुटे भाग चकचकीत झाले नाहीत, ट्रिगर हलका करून देण्यास नकार दिला, आणि पिस्तूल हाती आल्यावर पहिल्याच सरावात सुरुवातीच्या गोळ्या विखुरल्या, असे आपले म्हणणे आहे. आपला राग आम्ही समजू शकतो, कारण स्पर्धा तोंडावर असताना हत्यार दुसऱ्याच्या ताब्यात असणे कोणत्याही नेमबाजाच्या घरी सुखाचे नसते. मात्र हा अभिप्राय इतर पालकही वाचणार आहेत आणि सफाईबद्दलच्या काही समजुतींपायी चांगली पिस्तुले खराब होताना आम्ही नेहमी पाहतो, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

पुतण्याची गोष्ट आधी. परवाना आपल्या कन्येच्या नावावर आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवानाधारकाचे शस्त्र दुरुस्तीसाठी दुसऱ्या व्यक्तीने आणायचे असेल, तर परवानाधारक स्वतः हजर हवा किंवा त्याचा लेखी अधिकार सोबत हवा. आपल्या पुतण्याकडे यातले काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी कन्येच्या सहीचे पत्र आणि परवाना आल्यावर आम्ही लगेच नोंद करून पिस्तूल घेतले. या बाबतीत आम्ही कोणासाठीही सवलत करत नाही आणि पुढेही करणार नाही.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पिस्तूल सरावात मध्येच अडते आणि काही काडतुसे उडत नाहीत, ही आपली तक्रार होती. न उडालेली जी काडतुसे आपण डबीत घालून दिली होती, त्यांच्या बुडाच्या कडेवर फायरिंग पिनचा (काडतुसावर आदळणाऱ्या खिळीचा) ठसा उथळ उमटलेला होता. पॉइंट टू-टू काडतुसात पेट घेणारे रसायन बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या पोकळ रिममध्ये असते. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतूस बसायच्या जागेत, पूर्ण बसले नाही, तर पिनचा जोर रिम चेपण्याऐवजी काडतूस पुढे ढकलण्यातच खर्ची पडतो आणि रसायन पेटत नाही. आम्ही निकामी नमुना काडतूस चेंबरमध्ये सोडून पाहिले, तर ते नखाच्या जाडीएवढे बाहेरच राहत होते. दिव्याखाली कारण उघड झाले. काडतुसाच्या पितळी केसचे (नळकांडीचे) तोंड जिथे येते त्याच्या जरा पुढे मेण, शिसे आणि जळक्या दारूची कडक काळी कडी जमली होती. चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या बोल्टच्या तोंडावर आणि रिकामी केस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालीही तोच थर होता. या पिस्तुलांत बोल्टला कुलूप नसते, फक्त त्याचे वजन आणि स्प्रिंग यांनी केस धरून ठेवलेली असते. गोळी गेल्यावर बोल्ट मागे येतो तेव्हा उरलेला धूर आणि काजळी चेंबरमधून मागे फेकली जाते. सेमी-ऑटोमॅटिक रचनेत, म्हणजे पुढचे काडतूस आपोआप चेंबरमध्ये येणाऱ्या पिस्तुलात, घाण सर्वाधिक इथेच साचते आणि अडथळेही बहुतेक इथूनच सुरू होतात.

ही कडी खरवडून निघत नाही. द्रावण लावून मुरू द्यावे लागते, चेंबरच्या मापाच्या ब्रशने हलक्या हाताने फिरवावे लागते, पुसून पुन्हा पाहावे लागते, आणि कडी चिवट असेल तर हे सारे पुन्हा करावे लागते. घाईने टोकदार अवजार घातले आणि चेंबरच्या काठावर ओरखडा पडला, तर त्यानंतर प्रत्येक केस निघताना अडकेल आणि त्यावर सफाईचा उपाय चालणार नाही. एक्स्ट्रॅक्टर काढून त्याची खाच साफ केली, बोल्टमागचा झिजलेला बफर (धक्का झेलणारा तुकडा) आणि बोल्टला पुन्हा पुढे ढकलणारी थकलेली रिकॉइल स्प्रिंग बदलली, आणि काढलेले दोन्ही भाग पाकिटात घालून पिस्तुलासोबत दिले. एका मॅगझिनचे (काडतुसे भरायच्या पेटीचे) ओठ किंचित फाकले होते, त्यामुळे काडतूस नाक खाली घालून वर येत होते. ते सरळ केले. मग रेंजवर वेळ मिळेपर्यंत थांबून दोन वेगवेगळ्या लॉटच्या काडतुसांनी चाचणी घेतली. पाच दिवसांचा मोठा भाग या वाट पाहण्यात गेला हे खरे आहे, पण चाचणी न घेता सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आम्ही कोणाच्याही हाती देत नाही.

नळी चमकली नाही, हा आपला आक्षेप आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या काडतुसाची गोळी मऊ शिशाची असते आणि तिच्यावर मेणाचा लेप असतो. त्या लेपाचा पातळ थर नळीत बसला की नेम स्थिरावतो. म्हणून चांगल्या नळीतून फेल्टचे बोळे फिरवून सैल घाण काढणे पुरेसे असते. लोखंडी ब्रश आणि पॉलिशची पेस्ट वापरून आरशासारखी केलेली नळी डोळ्यांना बरी दिसते, पण त्यात गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचांच्या कडा झिजतात. रॉड नळीच्या तोंडाकडून आत घालणे त्याहून वाईट, कारण गोळीला शेवटचा स्पर्श तोंडाच्या कडेचा होतो आणि ती कडा एका बाजूने घासली गेली की नेमावर त्याचा परिणाम दिसतो. म्हणूनच आम्ही पुल-थ्रू दोरी चेंबरकडून घालून पुढे ओढतो.

सुरुवातीच्या गोळ्या विखुरण्याचे उत्तरही यातच आहे. द्रावणाने धुतलेल्या चेंबरमागोमाग नळीतला मेणाचा थरही कमी होतो, शिवाय नव्या स्प्रिंगमुळे धक्क्याची लय हाताला वेगळी लागते. स्पर्धेपूर्वी काडतुसांची एक डबी सरावात वापरावी, असे पावतीवर लिहून दिले होते. पुढच्या मालिका नीट आल्याचे आपणही अभिप्रायात नमूद केले आहे.

ट्रिगरच्या बाबतीत मात्र आमचा नकार कायम राहील. २५ मीटर पिस्तूल प्रकारात ट्रिगरचा दाब किमान १००० ग्रॅम असावा लागतो. नळी उभी धरून वजन उचलून तो तपासतात, सामन्यानंतरही तपासतात, आणि कमी भरला तर खेळाडू अपात्र ठरतो. आम्ही तो मर्यादेच्या किंचित वर बसवून दिला आहे. त्याखाली जाण्यासाठी सिअरची (ट्रिगर दाबेपर्यंत यंत्रणा अडवून धरणाऱ्या भागाची) पकड घासून कमी केली, तर बोल्टच्या धक्क्यानेच दुसरी गोळी सुटण्याचा धोका असतो, आणि रेंजवर शेजारच्या लेनमध्येही कोणाची तरी मुलगी उभी असते.

याच शहराच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवले ते शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवणाऱ्या जादा फेरीत. या प्रकाराच्या रॅपिड टप्प्यात प्रत्येक गोळीला तीन सेकंद मिळतात. तिथे काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसणे किती मोलाचे असते, हे आपल्या कन्येला आम्ही सांगायला नको.

घरी करायचे काम थोडेच आहे. मॅगझिन काढावे, बोल्ट उघडून चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करावी आणि मगच हात लावावा. प्रत्येक सरावानंतर बोल्टचे तोंड आणि एक्स्ट्रॅक्टर नायलॉनच्या ब्रशने झाडावे, बोल्ट जिथे सरकतो तिथे तेलाचा एखादा थेंब द्यावा, मॅगझिन कोरडेच ठेवावे. जास्त तेल काजळी धरून चिखल करते. ट्रिगरच्या यंत्रणेत स्प्रे मारू नये आणि कंपनीच्या पुस्तिकेत जेवढे भाग खोलायला सांगितले आहेत, त्यापुढे जाऊ नये. आपल्या पिस्तुलाच्या पकडीखाली गंजाचे बारीक ठिपके होते. पावसाळ्यात फोमच्या पेटीत पिस्तूल महिनोन्‌महिने ठेवले की फोम ओल धरतो आणि असेच होते. पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात ठेवावे.

आपल्याला अजूनही शंका असेल, तर कन्येला घेऊन शनिवारी सकाळी यावे. परवाना आणि नेहमीची काडतुसे सोबत असू द्यावीत. आपल्यासमोर पिस्तूल उघडून चेंबर दिव्याखाली दाखवू आणि ट्रिगरचे वजन पुन्हा मोजू. या तपासणीचे शुल्क घेतले जाणार नाही.

आपले नम्र,
कार्यशाळेचे मालक