पाचशेचा स्टॅम्प कोण भरून देणार?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे तोलून मापून लिहिणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज दहावरून अकरावर गेल्यापासून रोज काहीतरी नवीन लफडं निघतंय. ते सगळं निस्तरत आलो. पण आज गिऱ्हाइकाचा स्टॅम्प वाया गेला आणि हे मी सोडून देणार नाही.

तहसीलसमोर टायपिंगचं दुकान आहे माझं. आज एक हक्कसोडपत्र होतं. भाऊ गावातला, बहिणी सासरहून आलेल्या, त्यातली एक तर पुण्याहून रजा टाकून पहाटेच्या एसटीनं. रजिस्ट्रेशनची वेळ साडेअकराची. मजकूर काल रात्रीच तयार होता. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा सगळं वकीलसाहेबांनी नजरेखालून घातलेलं. स्टॅम्प मॅन्युअल ट्रेत लावला, प्रिव्ह्यू बघितला. वरचा छापील भाग मोकळा आणि त्याखालून मजकूर सुरू, जसा पाहिजे तसा. प्रिंट दिली. कागद बाहेर आला तर "हक्कसोडपत्र" हे शीर्षक थेट राजमुद्रेवर! त्याखालच्या ओळी नक्षीत घुसलेल्या, अक्षर मुंगीएवढं आणि तळाला वीतभर कागद कोरा.

थोरली बहीण म्हणाली, "दादा, एवढ्यानं काय होतंय? चालंल की." काय सांगणार तिला? ताई, नाही चालत. असला कागद घेऊन आत गेलात तर टेबलावरचा माणूस हातसुद्धा लावणार नाही. मग भाऊ पुन्हा व्हेंडरच्या रांगेत. पुन्हा रजिस्टरला नाव, पुन्हा कारण, पुन्हा सही. तोवर साडेअकराची वेळ गेली. दुपारी नंबर लागला तेव्हा पुण्याच्या ताईंची परतीची गाडी निघून गेली होती. पाचशे रुपये मी खिशातून घातले. ऑक्टोबर 2024 मध्ये शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचा स्टॅम्प आला, तेव्हापासून एक कागद वाया गेला तरी दिवसाची कमाई गेली असं समजा. आणि त्या ताईंचा दिवस? तो कोण भरून देणार?

झालं काय, ते संध्याकाळी सापडलं. प्रिंटरचं नाव तेच, आयकॉन तोच, "रेडी" म्हणतोय. पण आतला ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, बदललेला! अपग्रेडच्या वेळी माझा चालू ड्रायव्हर काढून मायक्रोसॉफ्टनं स्वतःचा सरसकट सगळ्या प्रिंटरना चालणारा ड्रायव्हर बसवला होता. तेव्हा मी रात्र घालवून जुना ड्रायव्हर शोधला, परत बसवला, पट्टीनं मापं घेऊन "स्टॅम्प" नावाचा कागदाचा साइज पुन्हा तयार केला. परवा दुकान बंद करताना अपडेट झालं आणि तो ड्रायव्हर पुन्हा काढला. सूचना नाही, साधी ओळ नाही. माझा साइज गेला, त्याच्या जागी ए-फोर धरला आणि मजकूर आपोआप लहान करून वर सरकवला. प्रिव्ह्यू दाखवतोय एक आणि छापतोय दुसरंच. ज्याच्यावर भरवसा ठेवून कागद लावायचा तेच खोटं बोलायला लागलं तर माणसानं काम कसं करायचं?

मदत मागितली की ठरलेलं उत्तर: ड्रायव्हर अपडेट करून बघा. अरे, अपडेटनंच वाट लावलीय! पुतण्याचं उत्तर: काका, फॉरमॅट मारा. फॉरमॅट मारून फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक (ज्याच्याशिवाय ते चालत नाही), बारा वर्षांच्या दस्तांचे नमुने, सगळं परत कोण बसवणार? आणि ड्रायव्हर अपडेट नकोत असं सांगायची धड सोय आहे ती ग्रुप पॉलिसी नावाच्या सेटिंगमध्ये. ग्रुप पॉलिसी एडिटर विंडोजच्या होम आवृत्तीत येतच नाही. म्हणजे प्रो घ्या, नाहीतर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, हात घाला. दस्त टाइप करणाऱ्या माणसानं रजिस्ट्रीत कशाला शिरायचं?

दुसऱ्या टेबलावरच्या मशीनची कथा वेगळीच. ते शेअर केलेल्या प्रिंटरला जोडायला गेलं की शेवटी "11बी" असलेला तो लांबलचक एरर. हा एरर सप्टेंबर 2021 च्या अपडेटपासून लोकांच्या बोकांडी बसलाय. त्या मशीनला अकरा चढतही नाही. प्रोसेसर सहाव्या पिढीचा आणि यांना हवा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप. मशीन ठणठणीत आहे. दिवसभर दस्त काढतं, कधी कुरकुर नाही. तरी ते भंगार ठरवायचं, कारण 14 ऑक्टोबर 2025 ला दहाचा आधार संपला. सुरक्षेचे अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवून मिळतात, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून लॉगिन करायचं. विकत घेतलेलं मशीन माझं, त्यात माझ्याच नावानं शिरायला यांची परवानगी!

खात्यावरून आठवलं. अपग्रेडनंतर डेस्कटॉपवरच्या फायली परस्पर त्यांच्या क्लाउडमध्ये जायला लागल्या होत्या. मला पत्ता लागला तो 5 जीबीची फुकट जागा भरल्याची सूचना आली तेव्हा. त्या फोल्डरमध्ये लोकांची आधार कार्डं आहेत, सातबारे आहेत, मृत्युपत्रांचे मसुदे आहेत. लोक माझ्यावर विश्वास ठेवून कागद देतात. ते कुठल्या सर्व्हरवर ठेवायचे हे ठरवणारे हे कोण?

बारीकसारीक तर विचारूच नका. टास्कबार मी डाव्या कडेला उभा ठेवत होतो, कारण लीगल साइजचं पान त्यामुळे जास्त दिसतं. 2021 ला अकरा आली तेव्हा ती सोयच काढून टाकली. राइट क्लिक केलं की अर्धाच मेनू, बाकीचा "शो मोअर ऑप्शन्स"च्या आड. रोज शेकडो वेळा लागणारी गोष्ट एका क्लिकनं लांब केली आणि याला म्हणे सोपं करणं. मराठीसाठी मी इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरतो. भाषांच्या यादीत मी कधी न मागितलेला अमेरिकन इंग्रजी कीबोर्ड येऊन बसतो. काढला की रीस्टार्टनंतर परत हजर. गिऱ्हाईक समोर नाव सांगतंय आणि माझ्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा.

परत जावं म्हटलं तर त्यालाही दहाच दिवस. दहा दिवसांनी जुन्या सिस्टीमच्या फायली पुसतात आणि "गो बॅक" चालत नाही. आता हा ड्रायव्हरचा खेळ दहा दिवसांत कसा कळणार? पहिल्यांदा मी दुरुस्त करून घेतलं होतं, सगळं सुरळीत चाललं होतं. मुदत गेल्यावर यांनी पुन्हा तेच केलं.

आता स्टॅम्पचं सगळं काम जुन्या मशीनवर नेलंय. प्रिंटरची यूएसबी थेट त्याला जोडली आणि नेटची केबल उपटून टाकलीय. नवीन मशीन फक्त फॉर्म भरायला. महाग मशीन बाजूला आणि नाकारलेलं मशीन कामाला, ही पाळी यांनी आणली. माझी मागणी एवढीच आहे की चालू प्रिंटरच्या ड्रायव्हरला हात लावण्याआधी मला विचारा. आणि विचाराल तेव्हा "नंतर आठवण करा" हे उत्तर माझ्या तोंडी घालू नका. सरळ "नको" असं बटण द्या आणि मी ते दाबलं की माझा कागद, माझा साइज, माझा ड्रायव्हर जिथल्या तिथे राहू द्या.