फाल्गुनराव कोणी करावा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ आज नव्याने बसवलं तर कोणाकोणाला घ्यावं, आणि त्यातला संशयी नवरा फाल्गुनराव वैभव मांगल्यांनी करावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं, की मुक्ता बर्वेंची कृत्तिका, म्हणजे फाल्गुनरावाची बायको, फार आजची वाटेल, मी सुचवलेल्या रेवतीला पदं झेपणार नाहीत आणि संगीत नाटकाचं सालही मी चुकवलंय. सालाचं कबूल. १९१६ हवं होतं, १९०६ पडलं. दुरुस्त केलंय, आभार.

पण ‘बोडसांच्या जागी चेटकीण बसवायला निघालात, मूळ नाटक कधी वाचलंय तरी का?’ हे वाक्य अशा शब्दांत लिहायची काय गरज होती? गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजलेला, त्या जागी वैभव मांगले पटत नाहीत, एवढं म्हणून भागलं असतं. ओळख ना पाळख, आणि थेट माझी परीक्षा?

तर ऐका. माझे वडील गावच्या गणेशोत्सवातल्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करायचे. ‘संशयकल्लोळ’ बसलं तेव्हा मी सातवीत होते. तालमी आमच्याच पडवीत व्हायच्या. रेवतीचा प्रियकर अश्विनशेठ, त्याची तसबीर म्हणून आजोबांचा तरुणपणीचा फोटो भिंतीवरून उतरवला होता आणि तो रेवतीच्या हातात वेळेवर देणं हे माझं काम. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, कृत्तिका नेमकं तेवढंच बघते आणि खाली पडलेली तसबीर तिच्या हाती लागते. हा सगळा प्रवेश मला विंगेत उभ्याउभ्या पाठ झाला होता. फाल्गुनराव करायचे आमच्या गावचे शिंपीकाका. गळा अजिबात नव्हता. बायकोच्या हातातल्या तसबिरीकडे ते नुसते बघत राहायचे, मग प्रेक्षकांकडे, मग पुन्हा तसबिरीकडे. तोंडातून शब्द फुटायच्या आधीच मांडव हसायला लागायचा.

फाल्गुनरावाला असं थांबता येणारा नट लागतो. चेटकीण म्हणून तुम्ही मांगल्यांना हिणवलंत. ते ज्यात चेटकीण झाले, त्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्याचा प्रयोग तुम्ही पाहिलाय? मी भाचीला घेऊन गेले होते. पोरांनी भरलेल्या त्या थिएटरात ते कुठे थांबतात आणि कुठे उसळतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याला तो ठेका सापडला, त्याला फाल्गुनरावाचा संशय सापडणार नाही?

आणि मूळ मूळ म्हणून जे सांगता, ते नक्की कोणतं? देवलांनी हे नाटक आधी गद्यच लिहिलं होतं, १८९३ साली, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने. पदं मागाहून आली. देवलांनी ते घेतलं आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून, आणि मर्फीच्या मागे फ्रेंच नाटककार मोलिएर. पॅरिस, लंडन करत, दर मुक्कामी नवा वेश चढवत ते आपल्याकडे आलं. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. म्हणून ती भूमिका कुलूप लावून ठेवायची का?

रेवतीच्या गाण्याचं म्हणाल, तर ते तालमीत बघता येईल. कृत्तिका आजची वाटली तर मला हवीच आहे.

एवढं सगळं लिहिलंत, पण तुमच्या मते फाल्गुनराव कोणी करावा, त्याचं एकही नाव दिलं नाहीत. ते द्या, मग बोलू.