तांब्याला हात लावू नका

अकरावी-बारावीची दोन वर्षं आमच्या घरात पाणी प्यायला तांब्या नव्हता. म्हणजे होता, पण तो माझ्या टेबलावर चुरगळलेल्या चादरीवर, दोन कांदे आणि एका वांग्याच्या संगतीत बसलेला असे. त्याला कुणी बोट जरी लावलं तरी मी ओरडायचो, "सावली हलली!"

मला मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात जायचं होतं. दहावीत इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेतल्या 'ए' ग्रेडचे सात गुण वाढून मिळाले, तेव्हा बाबांना चित्रकला हा फार थोर विषय वाटला होता. त्याच विषयात चार वर्षांची बी.एफ.ए. ही पदवी करायची म्हटल्यावर त्यांचं मत झपाट्याने बदललं. मामाने तर सरळ विचारलं, "बी.ए. माहितीय. मधला एफ म्हणजे फेल का?"

प्रवेशपरीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान. पैकी वस्तुचित्राने, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू बघून काढायच्या चित्राने, घर नासवलं. आमच्या तांब्याला पोटावर, उजवीकडे, एक पोचा होता. तो आत्याच्या लग्नात पडला की आजोबांच्या रागात, यावर घरात दोन पक्ष होते. मला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. मला तो रोज काढायचा होता. तांब्याचं तोंड लंबवर्तुळ, आणि बैठक नजरेपासून आणखी खाली म्हणून तिचा बाक तोंडापेक्षा जास्त गोल. हे कळायला मला तीन महिने आणि कार्ट्रिज पेपरचे बरेच ताव लागले. तोवर माझे तांब्ये कायम उताराला लागलेले दिसत.

क्लासचे सर पाठीमागे येऊन उभे राहत आणि एवढंच विचारत, "उजेड कुठनं येतोय?" घरी आल्यावर बाबा विचारत, "काय उजेड पाडला आज?" दोघांनाही माझ्याकडे उत्तर नसे.

वांग्याची अडचण वेगळी. तिसऱ्या दिवशी ते सुकून सुरकुतायचं, मग मी जांभळ्याच्या छटा बदलायच्या की वांगं? आई म्हणायची, वांगं. बदललेल्या वांग्याचं भरीत व्हायचं. त्या दोन वर्षांत आम्ही जितकं भरीत खाल्लं तितकं पुढच्या जन्मीही पुरेल. पोस्टर कलरचा हात लागलेलं एक वांगंही त्यात गेलं असावं असा मला दाट संशय आहे, कारण एका रविवारी भरिताला किंचित प्रशियन ब्लूची झाक होती. सगळे मुकाट्याने जेवले.

स्मरणचित्राची तऱ्हा आणखी निराळी. 'बाजाराचा दिवस', 'रंगपंचमी', 'फुगेवाला' असले विषय, चित्रात निदान चार माणसं हवीत, आणि मला हात काढता येत नसत. बोटं काढली की केळ्याचा घड दिसायचा. म्हणून माझ्या बाजारात प्रत्येकाचे हात कुठेतरी गुंतलेले: एकाचे खिशात, एकाचे पाठीमागे, बाईचे पदराखाली. फुगेवाल्याचे हात फुग्यांच्या मागे. रंगपंचमीला काय करणार? मी सगळ्यांना कोपरापर्यंत पिंपात घातलं. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कपडे धुतायत का रे?"

हात सुधारायला सरांनी एस.टी. स्टँडवर स्केचिंगला धाडलं. तिथे पेन्सिल लांब धरून, एक डोळा मिटून माणसांची मापं घ्यायची. मिरजेच्या फलाटावर बसलेल्या एका काकूंचं डोकं किती आणि उंची डोक्याच्या कितीपट, एवढंच माझ्या मनात होतं. एक डोळा मिटलेला पोरगा पुन्हा पुन्हा आपल्याकडे का बघतोय, याचा काकूंनी वेगळा अर्थ लावला. त्यांचे यजमान उठून माझ्याकडे आले, तेव्हा मला माणसाची मूठ पहिल्यांदा अगदी जवळून अभ्यासता आली. अंगठा बाहेर असतो. तेवढा तपशील पक्का झाला.

आजी मात्र आदर्श मॉडेल. दुपारी झोपली की तासभर ढिम्म हलायची नाही. फक्त जाग आल्यावर चित्र बघून म्हणायची, "मेल्या, मला मारलंस का?"

सामान्यज्ञानासाठी मी जे.जे.चंच पाठांतर केलं. स्थापना १८५७. रुडयार्ड किपलिंग १८६५ साली त्याच आवारात जन्मला, कारण त्याचे वडील तिथे शिकवत. त्या आवारात शिरायचा हा मार्ग मला प्रवेशपरीक्षेपेक्षा कितीतरी सोपा वाटला. पण आता उशीर झाला होता.

परीक्षेच्या दिवशी आईने दह्याची वाटी पुढे केली. मी आधी तिचं लंबवर्तुळ तपासलं, मग दही खाल्लं. केंद्रावर बोर्ड, क्लिपा, पाण्याचा डबा मांडून बसलो. मधोमध वस्तू ठेवल्या होत्या: कोरी करकरीत प्लॅस्टिकची बादली, मग आणि टॉवेल. तांब्या नाही, वांगं नाही. क्षणभर पोटात गोळा आला. पण हात सुरू झाला तो थांबेना. तोंडाचा बाक, तळाचा बाक, डावीकडून उजेड, उजवीकडे सावली, टॉवेलच्या चुण्या. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी चित्र पुरं झालं, आणि खरं सांगतो, झकास झालं होतं.

पर्यवेक्षक फेरी मारत माझ्यापाशी थांबले. त्यांनी माझ्या कागदाकडे पाहिलं. मग बादलीकडे. पुन्हा कागदाकडे. मग ते सावकाश चालत बादलीपाशी गेले, वाकले आणि तिच्या पोटावर, उजव्या बाजूला, पोचा शोधू लागले.