तपासायला एक दुपार पुरली असती
‘डिनर: इम्पॉसिबल’ या अमेरिकी टीव्ही शोवाल्या ब्रिटिश शेफ रॉबर्ट अर्वाइनचा फुगवलेला बायोडेटा २००८मध्ये उघडा पडला, त्यातले ठळक दावे घरबसल्या तपासता आले असते. नाइटहूड मिळाल्याचा दावा घ्या. केसीव्हीओ (त्याने सांगितलेला नाइटहूडचा किताब) मिळालेल्यांची नावं ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश राजपत्रात छापून येतात आणि जुने अंक ऑनलाइन फुकट शोधता येतात. ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठाची पदवी असल्याच्या दाव्यासाठी तिथल्या नोंदणी विभागाला विचारलं की झालं.

खरी गोची अर्धसत्यात होते. चार्ल्स-डायनाच्या १९८१च्या लग्नाच्या केकवर काम केल्याचंही तो सांगायचा. तो अधिकृत केक ब्रिटिश नौदलाच्या पाककला शाळेत डेव्हिड एव्हरींनी केला. आपण तेव्हा तिथे शिकत होतो, फळं निवडणं वगैरे केलं, असं अर्वाइनने नंतर सांगितलं. म्हणजे केकला हात लागला होता, पण कितपत! व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांसाठी स्वयंपाक केल्याच्या दाव्याचंही तसंच: तिथली मेस अमेरिकी नौदल चालवतं, राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाचं जेवण मात्र एक्झिक्युटिव्ह शेफकडे असतं.

म्हणून शेफ घेताना ‘कुठे काम केलं’ एवढ्यावर थांबू नये. कोणता सेक्शन, कोणाच्या हाताखाली, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, हे लिहून घ्यावं आणि त्या वरिष्ठाला स्वतः फोन लावावा. उमेदवाराने दिलेल्या नंबरवर नाही, हॉटेलच्या मुख्य नंबरवर.